देव की बिग बँग? ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू: पहिला अर्धा झकास, पुढे घसरगुंडी

कोर्स चांगला आहे पण अर्धाच चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरतील. विषय असा की विश्व कुठून आलं, धर्म काय म्हणतात, विज्ञान काय म्हणतं, आणि दोघांचं भांडण खरंच आहे की लोकांनी लावून दिलंय. बारा व्हिडिओ लेक्चर, शिकवायला दोघं जण, एक फिजिक्सवाले सर आणि एक तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या मॅडम. कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. असले कोर्स सध्या पैशाला पासरी झालेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची मांडणी हीच असते, त्यामुळे तुम्ही दुसरा कुठला घेणार असाल तरी खालचं वाचून काय तपासायचं ते कळेल.

मी घेतला तो फॉरवर्डना वैतागून. दोन प्रकारचे फॉरवर्ड येतात, एक म्हणजे "हे सगळं आमच्या ग्रंथात हजारो वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय" आणि दुसरा म्हणजे "बिग बँग सिद्ध झाला, देवाचा विषय संपला". दोन्ही पाठवणाऱ्यांना बिग बँग म्हणजे नक्की काय हे विचारलं की दोघंही "एक मोठा स्फोट झाला" असंच सांगतात, म्हणजे निदान तिथे तरी एकमत आहे म्हणायचं.

तर पहिल्याच लेक्चरमध्ये सर हा स्फोट निकालात काढतात. रिकाम्या अवकाशात कुठेतरी फटाका फुटला असं काही नाही, अवकाशच ताणलं जातंय आणि ते सगळीकडे ताणलं जातंय, त्यामुळे "स्फोट कुठे झाला" या प्रश्नाला उत्तर नाही. आणि ही थिअरी मुळात एवढंच सांगते की साधारण १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व प्रचंड गरम आणि दाट होतं आणि तिथून पसरत, थंड होत इथवर आलं. अगदी पहिल्या क्षणी काय झालं, त्याच्या आधी काही होतं का, यावर ती काही बोलत नाही, कारण तिथे आइन्स्टाइनची समीकरणंच हात टेकतात. हे ऐकलं की अर्धे वाद जागच्या जागी संपायला पाहिजेत, संपत नाहीत ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या लेक्चरमध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलचा १९२९ चा आलेख (आकाशगंगा जितकी लांब तितकी वेगाने दूर जातेय, हे दाखवणारा) पडद्यावर भरपूर वेळ ठेवलाय आणि हे मला फार आवडलं. ठिपके कसे इकडेतिकडे विखुरलेत, त्यातून सरळ रेघ काढायला किती छाती लागली असेल ते दिसतं. आणि गंमत म्हणजे त्या रेघेवरून विस्ताराचा वेग निघाला आजच्यापेक्षा सुमारे सातपट जास्त, त्यावरून विश्वाचं वय निघालं फक्त २०० कोटी वर्षांच्या आसपास, आणि तिकडे भूगर्भवाले सांगत होते की पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने आहेत. आईपेक्षा मुलगी मोठी. सर हे लपवत नाहीत, उलट रंगवून सांगतात, की बघा, थिअरी बरोबर होती पण अंतरं मोजण्यात घोळ होता आणि तो निस्तरायला काही दशकं गेली. शाळेच्या पुस्तकात हे येत नाही, तिथे सगळं पहिल्या फटक्यात बरोबर आल्यासारखं लिहितात.

तिसरं लेक्चर म्हणजे या कोर्सचा जीव. जॉर्ज लमेत्र. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, बऱ्याच जणांनी नाही ऐकलेलं. बेल्जियमचा माणूस, १९२३ मध्ये कॅथलिक पाद्री झाला आणि १९२७ मध्ये, म्हणजे हबलच्या आलेखाच्या दोन वर्षं आधी, पेपर लिहिला की विश्व प्रसरण पावतंय. पेपर फ्रेंचमध्ये, छापला एका फारशा कोणी न वाचणाऱ्या जर्नलमध्ये, मग कोण लक्ष देणार. आइन्स्टाइनला भेटला तर त्यालाही ते पटलं नाही, त्याला स्थिर विश्व हवं होतं, १९१७ मध्ये त्यासाठी त्याने समीकरणात एक जादा पद घुसवूनही ठेवलं होतं. मग १९३१ मध्ये लमेत्रने पुढचं पाऊल टाकलं, की उलटं मागे जात राहिलं तर सगळं एका आदिम अणूपाशी येऊन थांबतं. म्हणजे ज्या थिअरीला आज लोक "देवाला घालवणारी" म्हणतात ती मांडणारा पांढरी कॉलर घालणारा पाद्री. आणि त्या काळी तिच्यावर आरोप नेमका उलटा होता, की ही मागच्या दाराने देवाला आत आणतेय!

पण खरी मजा पुढे आहे. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात जवळपास असंच सुचवलं की आधुनिक विज्ञानाने निर्मितीच्या क्षणाची साक्ष दिलीय. आता कुठल्याही पाद्र्याला केवढा आनंद व्हायला हवा, आपलीच थिअरी, आपलाच पोप. लमेत्रला ते अजिबात रुचलं नाही. त्याचं म्हणणं होतं की माझी थिअरी धर्माच्या प्रश्नांच्या बाहेरची आहे, मानणाऱ्याने मानावं, न मानणाऱ्याने मानू नये, तिला दोन्हीकडून ओढू नका. आणि पोपनेही नंतर हा मुद्दा तसा पुन्हा रेटला नाही. मॅडमनी इथे फार नेमका प्रश्न विचारलाय: उद्या ही थिअरी चुकीची निघाली तर देवाचं काय करायचं? श्रद्धा जर एखाद्या थिअरीच्या खुंटीवर टांगली तर खुंटी निखळली की श्रद्धाही खाली. लमेत्रला हे कळत होतं कारण त्याला दोन्ही गोष्टी आतून माहीत होत्या.

हे खुंटीचं वाक्य लक्षात ठेवा कारण कोर्स बनवणारेच ते आठव्या लेक्चरपर्यंत विसरतात.

चौथं लेक्चर दुसऱ्या बाजूचं. फ्रेड हॉइल, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ, पक्का नास्तिक, त्याला विश्वाला सुरुवात असणं ही कल्पनाच खपत नव्हती. १९४८ मध्ये त्याने आणि बाँडी, गोल्ड या दोघांनी वेगळं मांडलं, की विश्व पसरतंय ते खरं पण मधल्या जागेत नवीन पदार्थ अगदी थोडा थोडा तयार होत राहतो, त्यामुळे ते कायम तसंच दिसतं, सुरुवात नाही आणि शेवटही नाही. "बिग बँग" हे नावही हॉइलनेच दिलं, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना. आपले जयंत नारळीकर याच हॉइलचे विद्यार्थी, आणि त्यांनी पुढे हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये या कल्पनेची सुधारित आवृत्ती मांडली आणि शेवटपर्यंत बिग बँगला प्रश्न विचारत राहिले. कोर्समध्ये नारळीकरांना एक मिनिट पण दिलेलं नाही, मराठी माणूस म्हणून नव्हे, विषय म्हणूनच खटकलं, कारण बहुमताच्या विरुद्ध उभं राहून पुराव्याच्या भाषेत भांडायचं कसं याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

मग १९६५. पेन्झियास आणि विल्सन हे दोन रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, त्यांच्या अँटेनात एक बारीक खरखर जी काही केल्या जाईना, कबुतरांनी आत घर केलं होतं म्हणून त्यांची विष्ठा साफ केली तरी जाईना, आकाशात कुठेही वळवा, तेवढीच. ते निघालं विश्वाच्या बालपणीच्या उष्णतेचं उरलंसुरलं, आज केल्व्हिनच्या मापात २.७ अंशांच्या आसपास. १९७८ मध्ये दोघांना नोबेल. जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना ज्या मुंग्या दिसायच्या त्यातला छोटासा भाग याच प्रकाशाचा असायचा, हे मला माहीत होतं पण ऐकताना परत अंगावर काटा आला. सर इथे सांगतात की हॉइलच्या बाजूवाल्यांचा पराभव झाला तो कोणी नास्तिक किंवा आस्तिक होता म्हणून झाला नाही, मोजमापाने झाला. एका पाद्र्याचं गणित टिकलं, एका नास्तिकाचं पडलं, आणि त्यावरून देव आहे किंवा नाही यातलं काहीच सिद्ध होत नाही. इथपर्यंत मी पाचपैकी पाच देऊन बसलो होतो.

पाचवं-सहावं मॅडमचं, आणि खरं सांगायचं तर मी ही दोन लेक्चर सोडून देणार होतो, बरं झालं सोडली नाहीत. "धर्म म्हणतो की देवाने जग बनवलं" असं जे आपण सरसकट बोलतो तेच मुळात चुकीचं आहे, कुठला धर्म? जैन दर्शन सांगतं की विश्व अनादि-अनंत आहे, बनवणारा कोणी नाही. बुद्धाला विचारलं की जग शाश्वत की अशाश्वत, अंत आहे की नाही, तर त्याने उत्तर द्यायलाच नकार दिला, विषारी बाण लागलेल्या माणसाने आधी बाण काढायचा की बाण मारणाऱ्याची जात-गोत्र विचारत बसायचं, असा उलटा सवाल केला. इकडे अकराव्या शतकात इस्लामी विचारवंत अल-गझाली ठासून सांगतात की जे सुरू होतं त्याला कारण असतंच, विश्व सुरू झालं, म्हणून त्याला कारण आहे. आणि तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस, चर्चचा एवढा मोठा माणूस, पण तो म्हणतो की विश्वाला सुरुवात होती हे मी श्रद्धेने मानतो, नुसत्या तर्काने ते सिद्ध करता येणार नाही. किती प्रामाणिक! आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर सगळ्यांच्या पुढे जातं, ही सृष्टी कुठून आली ते परम आकाशात बसलेला तिचा जो अध्यक्ष आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही माहीत नसेल. शेवटची ओळ ही! ज्या ग्रंथाच्या नावाने लोक "सगळं आधीच माहीत होतं" म्हणतात, त्या ग्रंथात "कदाचित कोणालाच माहीत नाही" असं लिहिलेलं आहे आणि माझ्या मते तीच त्यातली सगळ्यात भारी गोष्ट आहे. मॅडम हे सूक्त आधी संथ लयीत म्हणून दाखवतात, मग एकेक ऋचा सोडवतात, कुठेही घाई नाही आणि कुठेही "बघा, क्वांटम" असा आव नाही.

सातवं गॅलिलिओवर, १६३३ चा खटला आणि चर्चचं चुकलं अशी १९९२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दिलेली कबुली, ठीकठाक, नवीन काही नाही, दीडपट स्पीडवर बघा.

आणि मग आठवं. इथे तिसरेच एक पाहुणे वक्ते येतात आणि त्यांचा विषय "प्राचीन ज्ञान आणि आधुनिक विश्वशास्त्र". ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. "बघा किती जवळ!" आणि टाळ्यांचा आवाज, कुठून आला देव जाणे, रेकॉर्डेड लेक्चर आहे हो.

आता कल्पाचा आकडा खरा आहे, ४३ लाख २० हजार वर्षांचं एक महायुग आणि अशी हजार महायुगं. एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करायची हिंमत त्या लोकांनी केली हे कौतुकास्पदच आहे, युरोपात जेम्स अशर नावाचा आर्चबिशप सतराव्या शतकात हिशोब मांडून जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४ सालात आणत होता त्या मानाने तर फारच. पण जुळवायचं तर पूर्ण जुळवा की. दिवसाएवढीच रात्र, म्हणजे ८६४ कोटी, असे ३६० दिवस, अशी शंभर वर्षं ब्रह्मदेवाचं आयुष्य, गुणाकार केला की आकडा येतो ३ कोटी ११ लाख ४ हजार कोटी वर्षं. हा आकडा कुठे जुळतो? कशालाच नाही. तो वक्त्यांनी सांगितलाच नाही. एका मोठ्या यादीतून जुळणारा आकडा उचलायचा आणि बाकीचे झाकून ठेवायचे, हा बादरायण संबंध आहे. आणि पृथ्वीचं वय विश्वाच्या वयाशी गल्लत करून सांगितलं ते वेगळंच. बरं, ब्रह्मदेवाचा दिवस संपला की प्रलय होतो, मग हा दिवस कधी सुरू झाला, आत्ता किती वाजलेत, हेही परंपरेत सांगितलेलं आहे आणि त्या हिशोबाने चालू कल्पाची १९७ कोटी वर्षं होऊन गेलीत. मग जुळवायचं कशाशी, ४३२ शी की १९७ शी? सोयीने.

मला राग आकड्यांचा नाही आला. राग याचा आला की तिसऱ्या लेक्चरमध्ये पोपचं जे चुकलं म्हणून आपण अर्धा तास ऐकलं, तेच इथे आपल्याच व्यासपीठावर चाललंय आणि सर किंवा मॅडम चकार शब्द काढत नाहीत. उद्या पृथ्वीच्या वयाचा आकडा थोडा बदलला तर ब्रह्मदेवाने दिवस लांबवायचा का?

सगळा दोष श्रद्धावाल्यांना देऊन मोकळा होणार असाल तर थांबा, नववं लेक्चर बघा. इथे आमचे फिजिक्सचे सर, ज्यांचा मी तोवर पंखा झालो होतो, ते "विश्व शून्यातून आपोआप निर्माण होऊ शकतं, देवाची गरज नाही" असं एका दमात सांगून जातात. कसलं शून्य? तर क्वांटम निर्वात. अहो पण त्या निर्वातात क्षेत्रं आहेत, ऊर्जा आहे, क्वांटमचे नियम लागू आहेत, म्हणजे घर रिकामं आहे म्हणायचं आणि भिंती-छप्पर-वायरिंग सगळं धरून चालायचं. ते नियम कुठून आले हा प्रश्न जिथल्या तिथे उभाच. मॅडमनी हा मुद्दा हळूच काढला तर सर म्हणाले "तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे" आणि पुढची स्लाइड. चालेल, पण मग आधीचं "देवाची गरज नाही" हे वाक्य कुठल्या फिजिक्सचं होतं? हॉकिंग आणि हार्टल यांनी १९८३ मध्ये मांडलेली कल्पना, की काळाला कडाच नसेल, आणि सुरुवातीच्या "आधी" काय असं विचारणं म्हणजे ध्रुवाच्या पलीकडे आणखी ध्रुवाच्याच दिशेने काय आहे असं विचारणं, ही कल्पना सुंदर आहे, सरांनी ती समजावलीही छान. पण ती अजून कल्पना आहे, कोणी मोजून दाखवलेली नाही, आणि १९६५ च्या त्या खरखरीच्या पंगतीत तिला बसवता येत नाही. सरांनी दोन्ही एकाच आवाजात सांगितलं, ऐकणाऱ्याला फरक कळणार कसा.

दहाव्यात विश्वाचे नियम इतके नेमके कसे काय, हा विषय. इथे परत हॉइल येतो आणि हा भाग बरा जमलाय. ताऱ्यांच्या पोटात कार्बन तयार व्हायचा तर कार्बनच्या अणुकेंद्राला एका ठरावीक ऊर्जेची पातळी असायलाच हवी, असं त्याने १९५३ च्या सुमाराला गणिताने सांगितलं, प्रयोगवाल्यांनी शोधलं आणि खरंच ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ ती सापडली. ती नसती तर आपणही नसतो. या प्रकाराने तो पक्का नास्तिक इतका हादरला की पुढे यामागे कोणाची तरी बुद्धी असावी असं बोलायला लागला. मग कोणी म्हणतं देव, कोणी म्हणतं असंख्य विश्वं आहेत आणि आपण जमलेल्या विश्वात आहोत. दुसरी विश्वं दिसत नाहीत, देवही दिसत नाही, कोर्स म्हणतो तुम्ही ठरवा. इथे मात्र "तुम्ही ठरवा" हे प्रामाणिक वाटलं.

अकरावं क्वांटम आणि चेतना. वगळा. सरळ वगळा.

बारावं म्हणजे समारोप, आणि त्यात ते घासून गुळगुळीत झालेलं वाक्य, विज्ञान "कसं" सांगतं आणि धर्म "का" सांगतो, दोघांनी आपापल्या खोलीत राहावं. ऐकायला गोड आहे. पण धर्मग्रंथांनी "कसं" पण सांगितलंय ना, किती दिवसांत, कशापासून, कुठल्या क्रमाने, आणि कोट्यवधी लोक ते शब्दशः मानतात, त्यांना जाऊन सांगा की तुमची खोली ती नाही. आणि विज्ञानवाल्यांनाही "का" विचारल्याशिवाय झोप येत नाही. असली वाटणी कागदावर होते. त्यापेक्षा माझ्या ओळखीतल्या श्रद्धाळू माणसांचं बघा, त्यातल्या एकाचीही श्रद्धा विश्वाच्या वयावर उभी नाही, दुःखात कोणाला हाक मारायची यावर उभी आहे, आणि त्याबद्दल बारा लेक्चरमध्ये एक वाक्य नाही.

बाकी टेक्निकल बाजू: व्हिडिओ स्वच्छ, मॅडमचा आवाज थोडा बारीक येतो, हेडफोन लावा. क्विझ म्हणजे पोरखेळ, उत्तर प्रश्नातच असतं. नोट्सची पीडीएफ मात्र मस्त, आलेख मोठे आणि वाचता येतील असे. मजकूर जुना झालाय हे लक्षात घ्या, विस्ताराचा वेग एका पद्धतीने ६७ आणि दुसऱ्या पद्धतीने ७३ (किलोमीटर प्रति सेकंद, दर मेगापार्सेक अंतराला) येतो हे भांडण दोन वाक्यांत उरकलंय, आणि डार्क एनर्जी, म्हणजे विस्ताराला वेग देणारं ते न कळलेलं काहीतरी, काळानुसार बदलत असावी असे जे इशारे २०२४ आणि २०२५ मध्ये आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या मोजणीतून आले ते तर नाहीतच. विश्वातला ९५ टक्के ऐवज म्हणजे डार्क मॅटर (न दिसणारा पदार्थ) आणि डार्क एनर्जी, ते काय आहे माहीत नाही, यावर एक अख्खं लेक्चर हवं होतं, त्या पाहुण्या वक्त्यांच्या जागी.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक ते सहा आणि दहावं नक्की बघा, नववं बघाल तर मॅडमचा प्रश्न पॉज करून दोनदा ऐका. शेवटच्या स्लाइडवर लिहिलंय की दुसरा भाग येतोय, विषयसूची आली की ठरवीन, त्यात परत आकडे जुळवणारे पाहुणे दिसले तर आपला रामराम.